पासंग

दस्तगीर शिकलगार, वय अठ्ठावन्न.
काम: तराजू दुरुस्ती, रविवार पेठ.
दोन जिने चढून आले, पायरीला दोन पावलं टाकत,
फाईल टेबलावर ठेवून म्हणाले,
"फोटोत काही नाही म्हणतात. कमरेत आहे."

मी आधी चपला पाहिल्या, दाराशी काढलेल्या.
डाव्या टाचेचं रबर तिरकं झिजलेलं,
उजवं जवळजवळ नवं.

स्टुलावर बसा. पाय जमिनीला टेकवा.
हात गुडघ्यांमधून खाली सोडत वाका.
कमरेवरच्या दोन खळ्यांखाली माझे दोन अंगठे.
उजवा आधी वर निघाला,
घंटा व्हायच्या आतच दप्तर भरणाऱ्या पोरासारखा.
डावा बसून राहिला.

आता पालथे झोपा.
खाली शिवाजी रोडवर बस अडकलीय, हॉर्न वाजतोय.
मी डोळे मिटते. डोळे मध्ये मध्ये बोलतात.
त्रिकास्थी:
लहानपणी पाच सुटे मणके,
पंचविशीपर्यंत एकजीव,
कमरेच्या दोन हाडांत ठोकलेली उलटी पाचर.
हलत नाही, असं कित्येकजण सांगतात.
हलते. जराशी.
डावीकडची खाच खोल लागते,
उजवीकडची उथळ, भरून आलेली,
आणि खालचा उजवा कोपरा बोटाला लगेच भेटतो.
तळव्यानं दाबलं तर शेवटचा मणका
उसळी देत नाही. फरशी नुसती.

"कोपरांवर उठा, सतरंजीवर पेपर वाचतात तसे."
फरक कमी होईल असं वाटलं होतं.
वाढला.

म्हणजे मागे वळलीय, उजवीकडे,
डाव्या तिरक्या आसावर;
वाकून, वळून, ओझ्यासकट उठताना
तिथंच राहून गेलेली.

"काय उचलता?"
"वीस किलोचं. तपासणीचं वजन.
मार्केटयार्डात, भुसार विभागात, दिवसाला पंधरा-सोळा गाळे.
स्कूटरवर पायाशी असतं. उतरायच्या आधीच वाकून घेतो."
मग उशीत तोंड खुपसून हसले,
"म्हणजे काटाच ढिला. जन्मभर लोकांचा बघितला."

डावा खांदा उतरलेला, मान उजवीकडे, टाच तिरकी:
सगळा पासंग शरीरानं आपला आपणच लावलेला,
वरून बघणाऱ्याला माणूस सरळ दिसावा म्हणून.

"बाई, एक विचारू?
आम्ही आधी रिकामा तराजू बघतो.
कुणी पारड्याखाली चिंच चिकटवलेली असते, कुणी मेण.
तुमच्या अंगठ्यांचं कोण बघतं?
छाप कोण मारतं?"

मी गप्प राहिले.
ऑस्टिओपॅथी शिकताना आम्ही चौघांनी
एकाच मित्राची पाठ तपासली होती
आणि वहीत तीन निदानं उतरली.
तो पालथाच पडून विचारत होता,
यातला मी कुठला?
शिवाय माझा उजवा अंगठा जरा जाड,
आठव्या वर्षी कपाटाच्या दारात चेमटलेला.
तेवढं मी वजा करते.
किती वजा करते, ते कुठंही लिहिलेलं नाही.

डाव्या कुशीवर घेतलं.
गुडघा माझ्या हातावर रेटा, पाच मोजेपर्यंत, सोडा.
श्वास. परत. तिसऱ्या वेळी
आत काहीतरी, आवाज म्हणता येणार नाही असं,
सरकलं. की मला तसं वाटलं.

पुन्हा पालथे. पुन्हा अंगठे, पुन्हा रिकाम्यापासून.
"राहिलंय?"
"थोडं. जुन्या पाच पैशाच्या जाडीएवढं."
"तेवढी सूट असते," म्हणाले, "कायद्यात पण."

शर्टाची बटणं लावताना त्यांनी
माझ्या वजनकाट्याकडे पाहिलं, न्हाणीजवळच्या,
बोटानं जरा दाबला, काही बोलले नाहीत.

निदान मी पेन्सिलनं लिहिलं.
जिन्यावरनं त्यांची पावलं ऐकत होते.
पायरीला एक. एक. एक.
मग वळणापाशी कुठंतरी
दोन.