पाच मायक्रॉन

सासवडहून दोन पाट्या आल्या.
अख्ख्या विभागानं सीताफळं खाल्ली,
अट एकच, बी थुंकायची ती बीकरमध्ये.
"अजून पन्नास ग्रॅम," कोकरे मॅडम म्हणाल्या,
म्हणून पोट भरलेलं असताना
मी आणखी एक फोडलं.

बिया वाळल्या. मिक्सर घरघरला.
मला पाटा आठवला आईचा:
हीच पूड, माझ्या उवांसाठी,
कपाळावर घट्ट फडकं,
आणि दटावणी, डोळे मीट द्वारके, आंधळी होशील.
तिच्याकडे कुणी प्रबंध मागितला नाही.

अळ्या दांडेकर पुलाजवळच्या,
अन्सारच्या पंक्चरच्या दुकानातल्या टायरमधल्या.
"न्या की," तो म्हणाला, "भाडं कुठं देतात त्या."

वीस-वीस एका भांड्यात,
नळी पाण्यावर काढून उलट्या लटकलेल्या.
अर्काचे थेंब पडले.
आधी वळवळ वाढली,
मग काहीतरी विसरल्यासारखी थांबली.
सकाळी तळाशी
नुसते स्वल्पविराम.

इथून पुढं माझं काम.
मेणात बसवायचं, पात्याखाली धरायचं,
पाच मायक्रॉनची फीत
कोमट पाण्यावर सोडायची,
पंखा बंद, श्वास बंद.

भिंगाखाली मधलं आतडं.
ज्यांना नुसतं पाणी मिळालं, त्यांची भिंत धड:
पेशीला पेशी लागून,
जांभळी केंद्रकं जागच्या जागी, आतून बारीक झालर.
अर्कवाल्यांच्या पेशी फुगून
भिंत सोडून पोकळीत आलेल्या,
झालर गळालेली,
शरीर कुठं संपतं, अन्न कुठं सुरू होतं
सांगता येत नाही.
"सुंदर!" मॅडम म्हणाल्या.
मीही म्हणाले. रंग खरंच छान चढला होता.

गेल्या भाद्रपदात माझी भाची
सहा दिवस ससूनला होती.
आम्ही जिन्यात बसून प्लेटलेटचे आकडे
लॉटरीसारखे ऐकायचो.
वाटलं होतं, ही भिंत फुटलेली पाहून
काहीतरी वाटेल.
मी फक्त स्लाइड पुसली, नंबर घातला.

पाणीवाल्या भांड्यातले काही कोष
रविवारी फुटले.
जाळी शनिवारी मीच बांधायची होती.

सोमवारी फीत पाण्यावर उलगडत होती,
मॅडम वहीत लिहीत होत्या:
नियंत्रण गट, मृत्यू शून्य.
मनगटावर एक येऊन बसली,
पांढऱ्या पट्ट्यांचे पाय,
हळूहळू लाल होत गेली.

हात हलवला असता
तर फीत फाटली असती.