सामाईक नळ

सोपं आहे मावशी, उचा म्हणाला.
सोपं आहे म्हणणाऱ्या माणसाचे
मी आधी बूट बघते.
नाड्या सुटलेल्या होत्या.

वही काढली. मीनाकामाचे हिशेब संपतात
तिथून पुढे चार पानं कोरी.
लिही, म्हणाला, डोमेन.
म्हणजे नाव. नुसतं नाव, घर नव्हे.
दरवर्षी पैसे भरायचे. विसरलीस
तर दुसरं कुणी तुझं नाव लावून बसेल.
मला हसू आलं.
लग्नात आडनाव बदललं नाही म्हणून
सासू माझ्याशी सात वर्षं बोलली नव्हती,
आणि इथे नावाला भाडं!

मग होस्टिंग. म्हणजे जागा.
कुठे?
फ्रँकफुर्टजवळ कुठेतरी. एक गार खोली,
तिच्यात एक यंत्र रात्रंदिवस जागं असतं. सर्व्हर.
माझी कानातली फ्रँकफुर्टात?
कानातली नाही गं, कानातल्यांचे फोटो.

स्वस्तातलं घेऊ, शेअर्ड.
एका यंत्रात दोनशे बिऱ्हाडं.
एकाकडे गर्दी झाली की बाकीच्यांचं मंदावतं.
हे वहीत लिहावं लागलं नाही.
मी खिडकीतून खाली बोट दाखवलं:
सोलोलाकीतलं आमचं अंगण,
तीन मजल्यांच्या लाकडी गॅलऱ्या, कपड्यांच्या दोऱ्या,
आणि मधोमध एकच नळ.
गुरामच्या लेकाचं लग्न होतं त्या शनिवारी
आम्ही नऊ घरांनी तोंडं धुतली नव्हती.
हां, उचा म्हणाला, तेच.

डीएनएस: नावावरून पत्ता सांगणारा.
ते काम आमच्याकडे एलिको करते.
पोस्टमन कुणाचंही दार वाजवत नाही,
खालच्या पायरीवर तिलाच विचारतो.
ती सांगते.
न विचारलेलंही सांगते.

अपटाइम नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के,
हे त्याने छाती फुगवून वाचलं.
मी भट्टीवर काम करते, दशांश मला कळतो.
म्हणजे वर्षातून पावणेनऊ तास अंधार.
तू जन्मला नव्हतास, म्हटलं.
तेव्हा उलट होतं. वीज यायची तीच पावणेनऊ तास,
तीही रात्री दोनला,
आणि अख्खं अंगण ओरडायचं, आली!
आणि मी झोपेतून उठून भट्टी लावायचे.

एसएसएल म्हणजे कुलूप. पटलं.
ते फुकट मिळतं म्हणाला
तेव्हा मात्र शंका आली.

बॅकअप.
सगळ्याची एक प्रत, दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली.
मी पेन खाली ठेवलं.
आईने तिचा निळा कुठे लिहून ठेवला नाही.
कुठली पूड किती, किती वेळ आचेवर,
सगळं डोक्यात, आणि डोकं
एका मार्चमध्ये तिच्याबरोबर गेलं.
चाळीस वर्षं मी त्याच्या जवळपास फिरते आहे.
उचा काही बोलला नाही. नाड्या बांधू लागला.
मी त्या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

संध्याकाळी त्याने बटण दाबलं.
काही उघडेना.
वेळ लागतो मावशी, अठ्ठेचाळीस तासही लागतील,
जगातल्या सगळ्या एलिकोंना कळायला हवं ना.

रात्री साडेअकराला फोन.
थेस्सालोनिकीहून त्सित्सिनो, माझी धाकटी,
तिथे एका ग्रीक म्हातारीचं करते, अकरावं वर्ष.
दिसलं गं, म्हणाली. पहिल्याच फोटोतला तो निळा.
जवळ गेलीस.
थोडा हिरव्याकडे झुकलाय.

माझ्या फोनवर पान अजून कोरंच.
तुला कसं माहीत, मी विचारलं,
तू तर भट्टीजवळ कधी थांबायची नाहीस.
थांब, म्हणाली,
म्हातारी हाक मारतेय.