तीन सेकंद

उदगीरच्या मोंढ्यात, हुडगेअप्पांच्या अडतीवर
काट्याला जोडलेला प्रोग्राम माझ्या गळ्यात पडला,
सोबत एक पेनड्राइव्ह, देव्हाऱ्यात ठेवलेला,
हळदीकुंकू लागलेला.

लिहिणारा खय्यूम पटेल, केव्हाच बिदरला गेलेला.
टिपून ठेवलेलं काही नाही. फायलींची नावं अशी:
पावती, पावती नवी, पावती नवी खरी.
मी हसलो. चोवीस वर्षांचा होतो,
दुसऱ्याचं लिहिलेलं वाचताना हसायचो.

एका जागी होतं: तीन सेकंद थांब,
मग वजन वाच.
का, ते नाही.
बाहेर टेम्पोंची रांग, सोयाबीनची धूळ कीबोर्डात,
आणि यंत्र उगाच थांबतंय.
ती ओळ मी खोडली.

पावत्या भराभर निघू लागल्या.
अप्पांनी स्पेशल चहा सांगितला.

संध्याकाळी मुनीम रुक्माजी गोदामातून आला,
वहीत बोट घालून:
"कागदावर सा क्विंटल जास्त हाय.
माल काय उंदरानं खाल्ला का एका दिसात?"

दोन रात्री बेरजा तपासल्या, दशांश तपासले,
केबल बदलली, काट्याच्या कंपनीला शिव्या घातल्या.
तिसऱ्या दिवशी लाज गिळून बिदरला फोन.
पलीकडे खय्यूमभाई, मागे कुकरची शिट्टी.
"नरसिंग हाय का अजून हमालीला?"
आहे म्हटलं.
"मग स्क्रीनकडं काय बगलालास? त्याच्याकडं बग."

बघितलं.
नरसिंग बोईनवाड पाठीवरचा कट्टा काट्यावर टाकतो
आणि हात लगेच काढत नाही.
तळवा टेकून उभा राहतो,
एक श्वास, दुसरा,
तिसऱ्याला सरळ होतो.
तळव्याचे दोन किलो.
दिवसाचे तीनशे कट्टे.

ओळ परत घातली. वर शेरा लिहिला,
माझ्या हातचा पहिलाच:
खोडू नका. हा नरसिंगमामांचा दम आहे.

त्यानंतर पुष्कळ शिकलो.
लाइट जाते तेव्हा अर्धी निघालेली पावती
निघाली म्हणायची की नाही,
यावर अप्पांशी आठवडाभर भांडलो, आणि हरलो,
आणि तेच बरोबर होते.

मामा आता येत नाहीत. गुडघे गेले.
त्यांचा संतुक उचलतो, टाकतो,
हात झटकून मोकळा.

परवा अहमदपूरची मेघमाला कामाला लागली.
चौथ्याच दिवशी म्हणाली, सर, हे तीन सेकंद काढू?
शेरा वाचूनच विचारलं तिनं.
शेरा खोटा नव्हता. जुना झाला होता.

हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही.
म्हटलं, चप्पल घाल.

दुपारभर आम्ही काट्याजवळ रिकाम्या बारदानावर बसलो.
ती तोंडातल्या तोंडात मोजत होती.
एक सेकंद. एक. एक. दीडसुद्धा नाही.
माझ्याकडे बघून हसली, मी हसायचो तशी.

मग चाळिसाव्या का बेचाळिसाव्या कट्ट्याला
संतुकनंही
हात टेकला.