फक्त

कपाट नंबर चार, वरून दुसरा खण.
चिमणीहून जरासा मोठा, पाठ शेवाळी,
गळ्याखाली गंजल्या पत्र्याचा रंग.
पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर कुणाचं तरी नेटकं अक्षर :
गाणारा पक्षी. किनाऱ्यालगतचं अरण्य. आढळ, फक्त
आणि त्यापुढचं वाळवीनं खाल्लंय.

एका बेटाचं नाव होतं तिथं.
ते सेलूच्या वाळवीच्या पोटात गेलं
आणि वाळवी गेली रॉकेलात.

सोमवारी समिती येणार.
मी तासिका तत्त्वावर, म्हणून नोंदवही माझ्याकडे.
रकाने सात. पाचवा : आढळ.
टोपण चावत बसते.

दस्तगीरभाई बरण्या पुसतात.
बेडकाची, सापाची, दोन डोक्यांच्या वासराची.
"ह्याचं पोट उसवलं व्हतं, म्याडम,
किल्लारीचा भूकंप झाला ना, त्याच्या आदल्या साली.
भुसा सांडला समदा. पिवळा. वास कसला तरी,
मासळीचा म्हणावं तर तसाबी न्हाई.
मंग मोंढ्यातून पावशेर कापूस आणला,
सरकी काढली नखानं, एकेक.
एखादी ऱ्हायली असंल.
मीठ चोळलं, फिटकरी लावली,
आन् अम्मीच्या सुईनं शिवला, रजईच्या टाक्यानं."

टाके मी पाहिलेत. पंखाखाली, पांढऱ्या दोऱ्याचे, सरळ.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी एक शब्द शिकवते :
प्रदेशनिष्ठ.
जो एकाच जागी सापडतो, जगात दुसरीकडे कुठंच नाही.
दस्तगीरभाई खडूचा डबा घेऊन दाराशी उभे होते.
"निष्ठा कशाची हो? पंख बघा केवढे.
समुद्र केवढा.
जमलंच नसंल त्याला."
वर्ग हसला. परीक्षेत दोघांनी तेच लिहिलं.
मी अर्धा मार्क दिला.

चोच किंचित उघडी आहे.
शिवताना सुटली असेल, किंवा
ओळ अर्धी असतानाच धरला असेल त्याला.
तिथं अजून कुणी उरलं असेल तर
ती ओळ पुरी होत असेल रोज, झाडांत, खाऱ्या वाऱ्यात,
आणि आम्हाला इथं ऐकू येतो
तीन वाजताचा जिनिंगचा भोंगा,
स्टेशनात शिरणारी मनमाडची गाडी,
कबुतरं, कबुतरं, कबुतरं.

समुद्र इथून चारशे किलोमीटर.
तोही दुसराच.

"सेलू लिव्हा," दस्तगीरभाई म्हणाले.
"साठ वर्सं झाली, कुठं गेलाय का?
आन् असा दुसरा हाय का कुठं, सेलूच्या कापसाचा?"
मी पेन टेकवलं.
फक्त, एवढं लिहिलं.
पुढं रकाना संपेपर्यंत कोरा.

सोमवारी समितीनं संगणक मोजले,
मुलींचं स्वच्छतागृह बाहेरून पाहिलं,
चहात साखर जास्त झाली म्हणाले.
कपाट नंबर चार कुणी उघडायला सांगितलं नाही.

संध्याकाळी दस्तगीरभाईंनी खणात नवी डांबरगोळी ठेवली
आणि पक्ष्याचं तोंड खिडकीकडं फिरवलं.
"तिकडंच आसंल ना समुद्र?"
खिडकी पूर्वेला आहे. बाहेर बाभळीच्या काट्यांना
गाड्यांवरून उडालेला कापूस अडकलेला.
मी हो म्हणाले.
त्याचा समुद्र कुठल्या बाजूला, मला तरी कुठं ठाऊक आहे.