शेरा

कुताइसीच्या इस्पितळात, तळघरात
नोदारनं एकोणीस वर्षं
एकाच एक्सेलमध्ये सांभाळले पत्ते.
पिवळी ओळ: क्ष-किरण यंत्र. हात लावू नये, रुसतं.
करडी ओळ: प्रिंटर. कधीच भंगारात गेला,
पत्ता अजून त्याच्याच नावावर.

आता आयपीव्ही-सिक्स.
सलाइनच्या थेंबाथेंबाला एकेक दिला
तरी संपायचे नाहीत,
आणि मधली सगळी शून्यं
दोन विसर्गांनी गिळलेली.

त्सियाला महिनाभर सॉफ्टवेअर लावून बघत होती.
देखणं होतं ते दरसाल पैसे मागायचं.
फुकटातलं एक
जुन्या-नव्या पत्त्यांना शेजारी बसवेना.
उरलं ते राखाडी, हट्टी,
चढवायलाच रात्र गेली;
पण पत्त्यापत्त्यापुढं
एक रिकामा रकाना: शेरा.

नोदार चष्मा पुसत राहिला.
तिनं आधी
'रुसतं' तेवढं भरलं.