रोल प्ले

रात्री साडेअकराला घरघरता कूलर बंद करून
मी पेशंट होतो.
तिकडे लीड्समध्ये यशोधराच्या हाती वही.
मेडिकलला चौदा वर्षं सिस्टर होती ती;
तिथं परीक्षा निघेस्तोवर
म्हाताऱ्यांच्या चादरी बदलते.

‘व्हेअर डज इट हर्ट?’
ठणकते, चमक मारते, मुंग्या येतात, आग होते –
माझ्याकडे सगळ्याला एकच शब्द : पेन.
‘असं नाही ना बाप्पा, नीट सांग. शार्प का डल?’
डल, म्हणतो मी. अंदाजानं.

इंदोऱ्याच्या गल्लीत कुत्री भुंकतात.
तिला दोनदा विचारावं लागतं, ‘सिन्स व्हेन?’
कार्डावर लिहिलंय : तीन दिवस.
मी म्हणतो, जानेवारी.

ती थांबते.
मग हळूच दुरुस्त करते :
सिन्स जानेवारी.