एकशेसतरा नंबरची फळी

पहाटे पाचला कुलूप काढतो.
आत कालचा घाम तसाच असतो,
बंद ट्रंकेसारखा वास.
आधी बघायचं चौथ्या कोर्टाकडे:
वटवाघळानं काय टाकलंय,
फळी कुठे फुगलीय.
पाणी म्हणावं असं नसतंच,
लाकडावर नुसती वाफ, कुणी तोंड जवळ नेल्यासारखी,
आणि तेवढ्यावर तेरा वर्षांची पोर घसरते.
म्हणून बायकोच्या जुन्या साड्यांचे बोळे.
सरकारी मॉपपेक्षा ते बरे.

म्हापशात मला दुबयकार म्हणतात.
मी दुबईला कधी नव्हतोच.
होतो त्या शहराचं नाव सांगितलं
तर म्हणतात, म्हणजे दुबईच की!

तिथे लढाई वाळूशी.
एकामागे एक तीन दारं,
पहिलं मिटल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही,
तरी ती यायची
बुटांच्या शिवणीतून, मुलांच्या केसांतून,
दळलेल्या नाचणीसारखी बारीक.
बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री
आणि आत, खुर्च्यांच्या मधोमध, बर्फ.
खरा. बारमाही.
गुरुवारी त्यावर हॉकी,
शुक्रवारी फळ्या टाकून बास्केटबॉल,
शनिवारी फळ्यांवर गालिचा, गालिच्यावर लग्न,
मग चार दिवस उंटांच्या औषधांचं प्रदर्शन.
बर्फ खालीच.
नवरीच्या पावलांखाली वीतभर अंतरावर,
आणि तिला पत्ता नाही.

रात्री अकरा ते चार आम्ही सहाजण.
दोनशे चाळीस फळ्या, प्रत्येकीला नंबर,
एक चुकली की पुढच्या सगळ्या चुकायच्या.
बोटं बधिर, पाठीला घाम.
एकशेसतराच्या पोटावर
एकदा खिळ्यानं आम्ही नावं कोरली:
टेकबहादूर, कुंजुमोन, शाणू.
टेकचं आणि माझं एकाच लिपीत,
म्हणून तो म्हणायचा, आपण भाऊ.
मग फळी उलटी करून बसवली.
नावं खाली, थंडीत, अंधारात.
वर टाळ्या.

इथेही पाटीवर मल्टिपर्पज लिहिलंय.
खोटं नाही ते. खाली बघा, रेघांचा गुंता:
निळी बॅडमिंटनची, पिवळी व्हॉलीबॉलची,
लाल कबड्डीची, पांढरी बास्केटबॉलची,
आणि एक हिरवी,
ती कशाची ते कंत्राटदारालाच ठाऊक.
मतमोजणीला त्यांच्यावर टेबलं लागली.
बारा मतांनी पडलेला माणूस
कबड्डीच्या बोनस रेघेवर
कितीतरी वेळ उभा होता.
मी पंखा त्याच्याकडे वळवला.
दुसरं काय करणार?
एका वर्षी इथे खाटा लागल्या होत्या.
त्याबद्दल मी बोलत नाही.

परवा टेकचा फोटो आला.
तिथला बर्फ कायमचा वितळवला म्हणे,
तीन दिवस लागले,
पाणी रस्त्याकडेच्या खजुरांना सोडलं.
फळ्या भंगारात.
ढिगात एकशेसतरा, पोट वर करून.
कुंजुमोन धड आहे, टेक धड आहे,
माझा 'णू' ओलीनं खाल्लाय.
नुसता 'शा' राहिलाय.
बायको म्हणाली, बरोबरच आहे,
अर्धाच शाणा परत आलास.

हसलो.
मग रात्री झोप नाही.

आपल्या या फळ्यांखाली काय असेल?
बर्फ नाही. हवा, मग जांभा,
मग कुणाचं तरी वायंगणाचं शेत,
बुजवलेलं, अजून ओलं.
ते रात्रभर श्वास टाकतं
आणि मी पहाटे पुसतो.

सहाला रुवेला येते, रॅकेट पाठीला, डोळ्यांत झोप.
अंकल, ती हिरवी रेघ कसली?
तुझी नव्हे, मी म्हणतो. बूट झटक बाहेर.
जुनी सवय. इथे कुठली वाळू?
ती उंबऱ्यावर बूट आपटते
आणि चिमूटभर पडतेच,
काल सगळी घरची कळंगुटला गेली होती म्हणे.

बोळा हातात आहे.
पुसेन, म्हणतो. पुसेन नंतर.